प्रात्यक्षिकाचा रकाना

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत विज्ञानाच्या पानावर ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’, ‘उपक्रम/कृती’ आणि ‘प्रकल्प’ असे तीन रकाने शेजारी शेजारी असतात. शिक्षणसेवक म्हणून निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी रुजू झाले, सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान माझ्याकडे आलं, आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस हे पान माझ्यासमोर कोरं होतं. या तिघांत फरक काय, हे मला नीट सांगता येईना. त्याहून मोठा प्रश्न गुणांचा होता. एका मुलाला प्रात्यक्षिकात दहापैकी सात आणि दुसऱ्याला नऊ, तर ते कशावरून द्यायचे? मागच्या वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. बहुतेकांना आठ किंवा नऊ. लेखी परीक्षेत जेमतेम ‘ड’ श्रेणी मिळवणाऱ्या मुलालाही प्रात्यक्षिकात आठच. मग या आठाचा त्या मुलाच्या विज्ञानाशी संबंध काय होता?

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला 70 गुण आकारिकचे आणि 30 संकलितचे. सातवी-आठवीला आकारिकचे 40 आणि संकलितचे 60. म्हणजे आठवीच्या मुलाच्या शंभरातले चाळीस गुण त्याने वर्षभर काय केलं, काय बोललं, काय बनवलं यावर. ही कल्पना मला बी.एड. करताना पटली होती आणि आजही पटते. विज्ञान हा हाताने करायचा विषय आहे, तर त्याची पारखही मुलाच्या हातून काय घडतं ते पाहूनच व्हायला हवी. पण मुलांना असं काम दिलं की त्यांची समज वाढते का, आणि वाढली तर ती कोणत्या कामाने वाढते, याचं उत्तर त्या वहीत कुठेही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकल्प जमा झाले. थर्माकोलची सूर्यमाला, रंगवलेला ज्वालामुखी, पवनचक्की, चिकटवलेल्या चित्रांचे तक्ते. तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानांत असे प्रकल्प तयार मिळतात, माहितीची छापील पानंही मिळतात. ज्वालामुखी आणणाऱ्या मुलाने मोठ्या उत्साहाने खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून दाखवलं, फेस वर आला, वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, ‘‘फेस कशाचा आला रे?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते दादाला माहितीये. त्यानेच केलंय.’’ मुलगा खरं बोलला, त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण हा प्रकल्प मला मुळातच खटकतो. सोडा आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यातून शिकवता येईल. डोंगराच्या पोटातला वितळलेला खडक वर का येतो, हे त्यातून कधीच कळणार नाही. उलट मुलाच्या मनात चुकीचं चित्र पक्कं बसतं.

त्या टेबलावर मांडलेल्या वस्तूंकडे पाहून मी कोणाच्या घरी मोठा भाऊ आहे, कोणाच्या आईला संध्याकाळी वेळ मिळतो आणि कोणाचे वडील दोनशे रुपये काढू शकतात, एवढं अचूक सांगू शकले असते. काही मुलांनी काहीच आणलं नव्हतं. त्यांतली बरीचशी द्राक्षबागांच्या कामासाठी सुरगाणा, पेठ भागातून आलेल्या कुटुंबांतली होती. त्यांच्या पुढचा रकाना मी रिकामा ठेवला, आणि शून्य लिहायला माझा हात धजला नाही.

आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ आहे. तो शिकवून झाला, चाचणी झाली, ‘विद्युत परिपथ म्हणजे काय?’ या प्रश्नाची उत्तरं छान आली. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक जोडीला एक सेल, बॅटरीतला एक छोटा दिवा आणि वायरचा एकच तुकडा दिला आणि म्हणाले, दिवा लावा. बस, एवढंच. वर्ग गप्प झाला. सगळे सेलच्या टोकावर दिवा टेकवून पाहत होते. वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं दिव्याच्या बुडाला लावून बरेच जण थांबले. चाचणीत ज्या मुलीने व्याख्या शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती आणि आकृतीही रेखीव काढली होती, ती म्हणाली, ‘‘मॅडम, एक वायर कमी आहे.’’ पुस्तकातल्या आकृतीत दोन वायरी असतात, म्हणून तिला दोन हव्या होत्या. दिव्याच्या बुडाचा ठिपका आणि बाजूची धातूची कड ही दोन वेगळी टोकं आहेत, वीज एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली पाहिजे, हे व्याख्येत नसतं. आकृतीतल्या दिव्याच्या चिन्हातही ते दिसत नाही.

मी हादरले. मग माझ्या बी.एड.च्या एका मैत्रिणीने मला ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या 1997 च्या माहितीपटाबद्दल सांगितलं. त्यात अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती सेल, दिवा आणि वायर दिली जाते, आणि त्यांतल्या अनेकांना दिवा लावता येत नाही. ते पाहून मला धीर आला असं म्हणणार नाही. काळजी मात्र वाढली. लेखी परीक्षा एका गोष्टीची पारख करते आणि आपण समजतो की दुसऱ्याच गोष्टीची झाली.

इथे साहित्याबद्दल थोडं सांगते, कारण माझा बराच वेळ त्यातच गेला. बॅटरीतले तारेचे जुने दिवे आता बाजारात सहज मिळत नाहीत. सगळीकडे एलईडी. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, त्यामुळे दीड व्होल्टच्या एका सेलवर तो लागतच नाही. शिवाय उलटा जोडला तरी लागत नाही. मुलांना वाटतं, सेल गेला. परिपथ पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलासमोर ही दोन गुंतागुंतीची कोडी आधीच टाकायची नाहीत, म्हणून तारेचेच दिवे हवेत. त्यातही दोन सेलच्या बॅटरीतला दिवा तीन सेलवर उडतो, तेव्हा पुढच्या कामासाठी मला तीन सेलच्या बॅटरीतले दिवे शोधावे लागले. लासलगावच्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मागच्या फळीवरचा धुळीने भरलेला डबा काढून दिला, आणि पैसे घेतले नाहीत.

हे पुढचं काम म्हणजे पेट्यांचं. कल्पना माझी नाही. रिचर्ड शॅव्हेलसन, गेल बॅक्स्टर आणि जेरी पाइन यांनी 1990 च्या सुमारास कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांसाठी अशी कामं तयार केली आणि त्यांवर बरंच संशोधन केलं. सहा बंद पेट्या. एकीत दोन सेल, एकीत नुसती वायर, एकीत दिवा, एकीत सेल आणि दिवा, एक रिकामी, आणि सहावीत या पाचांपैकीच एक काहीतरी पुन्हा. प्रत्येक पेटीतून दोन टोकं बाहेर. मुलांना बाहेरून सेल, दिवा आणि वायर जोडून आत काय आहे ते ओळखायचं, आणि कशावरून ओळखलं ते लिहायचं. मी साबणाची रिकामी खोकी घेतली.

या कामात विचार कसा दिसतो ते पाहण्यासारखं आहे. नुसता दिवा लागला की नाही एवढ्यावर भागत नाही. आत वायर असेल तर बाहेरचा दिवा नेहमीसारखा लागतो. आत दोन सेल असतील आणि दिशा जुळली तर प्रखर लागतो. सेल असलेली पेटी उलटी जोडली की उजेड बदलतो. वायर किंवा नुसता दिवा आत असेल तर उलटवल्याने काही फरक पडत नाही. म्हणजे पेटी उलटी जोडून पाहण्याचं ज्या मुलाला सुचलं, त्याला सेलची दोन टोकं सारखी नसतात हे खऱ्या अर्थाने कळलेलं आहे. हे मला कुठल्याही रिकाम्या जागा भरून कळलं नसतं.

एका जोडीने दोन पेट्या तपासल्या, दोन्हींना दिवा लागला नाही, आणि एकाने दोन्हींपुढे ‘रिकामी’ लिहून टाकलं. त्याचा जोडीदार मात्र थांबला. लेखी परीक्षेत कायम तळाशी असणारा, घरी कोकणी बोलणारा, मराठीत चार ओळी लिहायलाही अडखळणारा हा मुलगा. म्हणाला, ‘‘मॅडम, अजून एक सेल द्या ना.’’ दोन सेल लावल्यावर एका पेटीने बाहेरचा दिवा मिणमिणता तांबूस पेटला. ‘‘ह्याच्यात दिवा बसवलाय,’’ तो म्हणाला. ‘‘आतला आणि बाहेरचा, दोघांत वाटलं जातंय. एका सेलात दोघांना पुरत नाय.’’ एकसर जोडणीत विभवांतर कसं वाटलं जातं, हे त्याने त्याच्या भाषेत मांडलं होतं. तुला हे कसं कळलं, असं विचारल्यावर समजलं की वडील ज्या बागेत कामाला आहेत तिथे मोटारीचा वायरमन आला की हा शेजारी उभा राहून बॅटरी धरतो.

इथे गोष्ट संपली असती तर मी आनंदाने सांगितलं असतं की वही-पेन्सिलीत मागे पडणारी मुलं हाताच्या कामात पुढे येतात. शिक्षकांच्या बैठकांत असं बोललेलं मी पुष्कळदा ऐकलं आहे. पुढच्या कामाने मात्र माझा गोंधळ वाढवला. तेही त्याच संशोधकांकडून घेतलेलं होतं. त्यांनी तीन प्रकारचे कागदी रुमाल देऊन कोणता सर्वांत जास्त पाणी शोषतो ते शोधायला सांगितलं होतं. मी जुन्या सुती साडीचा, टेरिकॉटचा आणि टॉवेलचा तुकडा दिला. आमच्या वायरमनच्या मदतनिसाने तिन्ही कापडं मनाला येतील तशी, लहानमोठी फाडली, बादलीत बुडवली, पिळली आणि टॉवेलकडे बोट दाखवलं. उत्तर बरोबर, पण कशाच्या आधारावर? आणि ‘‘एक वायर कमी आहे’’ म्हणणारी ती मुलगी? तिने आधी पट्टीने तिन्ही तुकडे सारखे मोजून कापले, प्रत्येक तुकडा सारखाच वेळ भिजवला, आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाचं माप घेऊन पिळून निघालेलं पाणी मिलिलिटरमध्ये लिहिलं. कोणीही तिला शिकवलं नव्हतं. मग विज्ञानात हुशार कोण?

याचं उत्तर त्या संशोधकांनाच वेगळ्या पद्धतीने मिळालं होतं, आणि ते वाचून मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली. एकाच मुलाचे एका कामातले आणि दुसऱ्या कामातले गुण फार बदलतात, असं त्यांना दिसलं. गुण कोणी दिले यापेक्षा कोणतं काम दिलं होतं, याने जास्त फरक पडत होता. एखाद्या मुलाबद्दल भरवशाने काही म्हणायचं तर त्याला एक नव्हे, बरीच कामं करताना पाहावं लागतं. हे खरं असेल, आणि माझ्या वर्गात तर ते डोळ्यांदेखत घडलं, तर सत्राला एक प्रकल्प घ्यायचा आणि त्यावर मुलाचे गुण ठरवायचे, ही पद्धत सरळ अन्यायाची आहे. त्या मुलाच्या वाट्याला विजेचा प्रकल्प आला असता तर तो नऊचा, कापडाचा आला असता तर चारचा. मूल तेच.

पण तिसाच्या आसपास मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, आणि एका वेळी मी दोनच जोड्यांपाशी उभी राहू शकते. बरीच कामं कशी पाहायची? याही बाबतीत त्या अभ्यासांतून एक कामाची गोष्ट हाती लागली. मुलांनी काम करता करता वहीत लिहिलेल्या नोंदी तपासल्या, तर त्या प्रत्यक्ष शेजारी उभं राहून केलेल्या निरीक्षणाची जागा बऱ्यापैकी घेतात. बहुपर्यायी प्रश्न ती घेऊ शकत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे एक साधी वही आहे. काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय वाटतं. शुद्धलेखन तपासायचं नाही. ज्याला लिहिणं जड जातं त्याने चित्र काढावं, त्यावर बाण दाखवावेत. त्या कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत पेट्यांची चित्रं आहेत आणि उजेडासाठी लहानमोठी किरणं. कुठल्या पेटीला किती सेल लावले हे त्यातून मला अचूक कळतं.

आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ बाई निवृत्तीला आल्या आहेत. त्यांना मी निकषांचा तक्ता दाखवला: पुरावा लिहिला का, उलटं जोडून पाहिलं का, दोन पेट्यांची तुलना केली का. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, ‘‘हे वहीसाठी झालं गं. पण पोराला तू काय सांगतेस?’’ या प्रश्नाने मला दुसऱ्या एका अभ्यासाकडे नेलं. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेलं हे काम 1988 साली प्रसिद्ध झालं. काही मुलांना कामावर फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा एकत्र दिला की शेऱ्याचा उपयोग बहुतेक पुसला जात होता. आपल्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींना जागा आहे. त्या जागी वर्षानुवर्षं ‘प्रयोगात आवडीने सहभागी होतो’ असं छापील वाक्य उतरवलं जातं. मी आता प्रयोगवहीत गुण लिहीत नाही. एकच वाक्य लिहिते. ‘ही पेटी उलटी जोडली असतीस तर काय झालं असतं?’ किंवा ‘तुकडे सारखे का घेतले ते लिही.’ मुलं अजून विचारतात, ‘‘मॅडम, मार्क किती?’’ पालकही विचारतात. गुण मी नोंदवहीत ठेवते, सत्राच्या शेवटी, अनेक कामांवरून.

हे सगळं नवं आहे असं मला काही काळ वाटत होतं. मग कळलं की शेजारच्या मध्य प्रदेशात 1972 सालीच होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत हे सुरू झालं होतं. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने उभ्या केलेल्या त्या कार्यक्रमाला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचीही साथ होती. मुलं किटमधून प्रयोग करत, ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात स्वतःची निरीक्षणं भरत, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा असे. प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. खेड्यातल्या सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांनी हे तीस वर्षं चालवलं. 2002 साली तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला. आपल्या राज्यातही डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखीच्या पुढचा टप्पा प्रात्यक्षिकाचा असतो. पण ती निवडलेल्या मुलांची स्पर्धा आहे. माझ्या वर्गातला बॅटरी धरणारा मुलगा त्या पहिल्या लेखी टप्प्यातून पुढे जाणार नाही.

तर परिणाम झाला का? दुसऱ्या सत्रात मी पुन्हा लेखी चाचणी घेतली. व्याख्यांचे गुण जिथे होते तिथेच राहिले. ‘या आकृतीत दिवा का लागत नाही?’ अशा प्रश्नांची उत्तरं मात्र बदलली. पूर्वी पुस्तकातलं वाक्य उतरवलेलं असे. आता ‘बुडाला वायर लागली पण कडेला लागली नाही’ असं स्वतःचं वाक्य येतं. ती मुलगी आता आकृतीतल्या दिव्याला दोन वेगळी टोकं काढते. यातलं किती कामामुळे आणि किती मी त्या पाठावर जास्त वेळ घालवल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि एका वर्गावरून कुणी ते काढूही नये. किंमतही मोजावी लागली. शेवटचे पाठ घाईत उरकावे लागले, आणि त्यांवरच्या प्रश्नांत मुलं मागे पडली. संकलितचा लेखी पेपर सगळ्या पाठांवर असतो, त्यात वेळ कुठे गेला हे विचारलं जात नाही.

घरी करून आणायच्या प्रकल्पांबद्दल मात्र माझ्या मनात शंका उरलेली नाही. त्यांनी कोणाचंही विज्ञान सुधारल्याचं मला दिसलं नाही. वर्गात, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर, हाती मोजकं साहित्य देऊन, कारण लिहायला लावून केलेलं लहान काम हजार पटींनी मोलाचं आहे. दुसऱ्या सत्रात मी घरचा प्रकल्प दिला नाही. प्रकल्पाचा रकाना वर्गातल्या कामांनीच भरला, आणि तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांना मुलांच्या वह्या दाखवल्या. त्यांनी त्या बराच वेळ चाळल्या.

पालकांना माझी विनंती आहे, मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका, विकतही आणू नका. शाळेने मागितला तर वर्गात करून घ्या म्हणून सांगा. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर तारेच्या दिव्याची जुनी बॅटरी पडून असेल, त्यांनी तो दिवा काढून जवळच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाकडे द्यावा. तीस मुलांच्या वर्गाला पंधरा दिवे, तीस सेल आणि चार-पाच मीटर वायर पुरते.